पुण्य आमचे, पिंजरा त्यांचा

आम्हा नाशिककरांचा माकडांवर फार जीव आहे, असे म्हणतात. असायलाच हवा. अंजनेरीचा डोंगर आमच्या वेशीवर उभा आहे; मारुतिरायाचा जन्म तिथलाच, अशी आमची श्रद्धा. २०२२ साली किष्किंधेच्या बाजूने त्या श्रद्धेला आव्हान मिळाले, तेव्हा नाशिकात धर्मसभा भरली आणि बघता बघता हमरीतुमरीवर आली. टाकळीला समर्थांनी बारा वर्षे तप केले, आणि तिथला मारुती त्यांच्याच हातचा. शनिवारी तेल आणि रुईची माळ घेऊन उभे राहणाऱ्यांची रांग काही लहान नसते. ही भक्ती एकट्या नाशिकची आहे असेही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी ३२ एकर जमीन कागदोपत्री चक्क माकडांच्या नावावर आहे. माणसांच्या भाऊबंदकीत जिथे बांधावरून डोकी फुटतात, तिथे माकडांच्या नावावर बत्तीस एकर!

शनिवारी तेल वाहणारा हाच भक्त सोमवारी आपल्या द्राक्षबागेत लाल तोंडाचे माकड उतरले की गोफण उचलतो, फटाक्यांची माळ लावतो. त्याचे चुकते असे मी म्हणत नाही. घडांची नासाडी ज्याच्या डोळ्यांदेखत होते त्यालाच ती कळते. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, आमचे माकडप्रेम जिथवर फुकट आहे तिथवरच टिकते.

हे सगळे आठवायचे कारण असे. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात एका निवृत्त गृहस्थांनी एक निवेदन फिरवले. माकडाच्या कुळातल्या इवल्याशा प्राण्यांना परदेशात यंत्रात घालतात, त्यांच्या मेंदूची चित्रे काढतात आणि म्हातारपणाचा अभ्यास करतात, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. असले सर्व प्रयोग जगभर ताबडतोब बंद व्हावेत, अशी मागणी होती. पस्तीस-चाळीस सह्या झालेल्या होत्या. मी सही केली नाही. गृहस्थ दुखावले. म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांना भूतदया शिकवता ना?"

शिकवते. मॅट्रिकच्या पुढे मी शिकले नाही आणि एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवते. रात्री वेळ उरला तर कादंबऱ्या लिहिते. शास्त्रज्ञांची वकिली करण्याचा अधिकार मला नाही. पण प्रश्न विचारला आहे तर उत्तर द्यायला हवे, आणि ते वाचनालयाच्या पायरीवर पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते.

आधी तो प्राणी कोणता ते तरी पाहू. मादागास्कर बेटावर एक लेमूर असतो, उंदराएवढा, म्हणून त्याचे नावच मूषक लेमूर. वजन म्हणाल तर दिवाळीतल्या दोन भरल्या करंज्यांएवढे. रात्री हिंडतो, डोळे बटबटीत, आणि हातापायांची बोटे मात्र थेट आपल्या गोतावळ्यातली. मेंदू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, आणि त्याचा आपण काय उपयोग करतो ते रोजच्या वर्तमानपत्रात दिसतेच. पॅरिसजवळ ब्रुनॉय नावाच्या गावी या लेमुरांची मोठी वसाहत संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. पाच-सहा वर्षांचा झाला की हा प्राणी म्हातारा होऊ लागतो. पिंजऱ्यात चांगली निगा राखली तर दहा-बारा वर्षे जगतो. आणि म्हातारपणी त्यांच्यातल्या काहींचा मेंदू आक्रसतो, काहींच्या मेंदूत तेच चिकट प्रथिनांचे थर साचतात, जे अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूत सापडतात. सगळ्यांत नाही, काहींत. म्हणजे अगदी आपल्यासारखेच. एक आजोबा नव्वदाव्या वर्षी पंचांग तोंडपाठ सांगतात, आणि शेजारचे सत्तरीतच स्वतःच्या घराचा जिना विसरतात.

साध्या उंदरावर हा अभ्यास का करीत नाहीत, असे आमच्या गृहस्थांनी विचारले होते. करतात की, ढीगभर करतात. पण साध्या उंदराच्या मेंदूत म्हातारपणी हे थर आपोआप धरत नाहीत. त्यासाठी त्याच्यात माणसाचा बिघडलेला जनुक घालावा लागतो. तो आजार उसना, त्याचे म्हातारपण खरे नव्हे. लेमुराचे म्हातारपण त्याचे स्वतःचे असते. मग माणसावरच का नाही? माणसावरही चालतो. पण माणसाचा मेंदू तिशीपासून ऐंशीपर्यंत पाहायचा तर पन्नास वर्षे लागतात. पाहणाराच मध्ये निवृत्त होतो, नाहीतर ज्याचा शोध घ्यायचा तेच विस्मरण त्याला गाठते.

आता ते यंत्र. एम.आर.आय. हा शब्द आज खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. आत काय होते ते फार थोड्यांना. आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजनचे अणू. जबरदस्त चुंबकाच्या पोटात गेले की हे अणू शाळेच्या प्रार्थनेला मुले उभी राहतात तसे ओळ धरू पाहतात. रेडिओच्या लहरींचा धक्का दिला की ओळ विस्कटते, आणि पुन्हा जागेवर येताना ते जी बारीकशी चाहूल देतात ती यंत्र टिपते. पाण्याचा ऊतक वेगळा, चरबीचा वेगळा, तशी चाहूल वेगळी. त्यातून चित्र उभे राहते. लेमुराला गुंगी देतात, उबेत ठेवतात, चित्र काढतात आणि परत त्याच्या ढोलीत सोडतात. कापाकापी नाही, किरणांची बाधा नाही.

हे यंत्र येण्याआधी काय होत होते? मेंदू बघायचा तर प्राणी मारावा लागे. दोन वर्षांचा एक मारायचा, पाच वर्षांचा दुसरा, आठ वर्षांचा तिसरा, आणि तिघांची तुलना करून म्हणायचे की वय वाढते तसा मेंदू असा बदलतो. मी शिक्षिका आहे, मला यातला दोष लगेच दिसतो. पाचवीतला गोविंद, आठवीतला रहीम आणि दहावीतली सुमन यांचे गुण शेजारी शेजारी मांडून गोविंदाची प्रगती कशी कळणार? एकाच मुलाची पाचवीपासून दहावीपर्यंतची प्रगतिपुस्तके हवीत. चुंबकाने ती दिली. एकच लेमूर, एकच मेंदू, वर्षावर्षाला एक पान. जिथे तीस मारावे लागत तिथे थोडे पुरतात, आणि ते आपल्या मरणाने मरतात. रसेल आणि बर्च या दोन इंग्रजांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वे सांगितली. शक्यतो प्राणी वापरूच नये. वापरलेच तर कमीत कमी. आणि वापरताना कमीत कमी यातना. मेंदूचे चित्रण यातली निदान दोन पाळते. भूतदयेचा कैवार घेणाऱ्यांनी या यंत्राची पूजा करायला हवी होती. त्यांनी निवेदन काढले ते नेमके त्याच्याच विरुद्ध!

पण तुम्ही म्हणाल, पिंजरा तो पिंजराच. खरे आहे. मी ते झाकणार नाही. मादागास्करच्या रानात एक-दोन पावसाळे स्वच्छंद जगून घुबडाच्या तोंडी जाणे बरे, की पॅरिसजवळ दिव्याच्या उजेडात बारा वर्षे काढणे बरे, हे त्या लेमुराला कुणी विचारलेले नाही, आणि विचारता आले असते तर त्याने काय सांगितले असते याविषयी मला फारशी शंका नाही. किंमत आहेच. माझे भांडण आहे ते किंमत दुसऱ्याच्या खात्यावर टाकून आपले हात स्वच्छ दाखवणाऱ्यांशी.

बिरबलाची माकडिणीची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडले, पाणी चढू लागले. पाणी पोटाशी आले तेव्हा तिने पिल्लाला छातीशी धरले, गळ्याशी आले तेव्हा डोक्यावर घेतले, आणि नाकातोंडात शिरू लागले तेव्हा पिल्लाला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहिली. ही गोष्ट माकडावर सांगतात, हा माकडावर अन्याय आहे. ती आपली गोष्ट आहे.

पाहा ना. १९५० नंतरच्या काळात याच भारतातून लाल तोंडाची माकडे विमाने भरभरून अमेरिका-युरोपला जात. काही वर्षी तर लाखाच्या वर गेली. साल्कची पोलिओची लस १९५५ मध्ये आली, ती माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून होत होती, आणि ती माकडे आपली होती. त्याच वर्षी निर्यात काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. पुढे असे उघड झाले की औषधासाठी म्हणून नेलेल्या माकडांवर अमेरिकेत लष्करी संस्थेने किरणोत्साराचे प्रयोग केले; अणुबाँबच्या माऱ्यानंतर जिवंत प्राणी किती वेळ काम करू शकतो ते पाहण्यासाठी. मग १९७८ मध्ये मोरारजीभाईंच्या सरकारने निर्यात साफ बंद केली. योग्य केले. दिलेला शब्द मोडणाऱ्याशी व्यवहार ठेवायचा नसतो.

पण बंदी घालून आम्ही जी मान ताठ केली ती लस घेताना मात्र कुणी खाली केली नाही. पोलिओचे दोन थेंब पाजायला आम्ही पोरे कडेवर घेऊन बूथवर उभ्या राहिलो. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. लंगडणारी मुले माझ्या वर्गात आता येत नाहीत, ती कुणाच्या जिवावर, हे कुठल्या बूथवर लिहिलेले होते?

आणि २०२० साली पाणी खरोखरच नाकातोंडाशी आले. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला कोव्हॅक्सिन लस माणसाला टोचण्याआधी माकडांवर पाहायची होती. परदेशातून माकडे आणण्याचा प्रश्नच नव्हता. वन विभागाने परवानगी दिली, महाराष्ट्राच्याच रानातून माकडे पकडली गेली. त्यांतली वीस प्रयोगात घेतली, पाच-पाचांचे चार गट केले. काहींना लस दिली, एका गटाला दिली नाही, आणि मग सर्वांच्या शरीरात करोनाचा विषाणू सोडला. लस न दिलेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला, लस दिलेल्यांत दिसला नाही. त्या दिवसांत अंजनेरीवर सभा भरली नाही. निवेदन निघाले नाही. आमच्या गृहस्थांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तिसरीही त्यांनी घेतली. त्यांनीच मला सांगितले. ते वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण पायाखाली कोण होते, हे खाली वाकून पाहायला नको?

आता म्हातारपणाकडे येते. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून एक म्हण आहे, 'म्हातारचळ' असा एक शब्द आहे. या दोन्हींनी जितके नुकसान केले तितके कुठल्या विषाणूने केले नसेल. आजाराला आपण स्वभाव म्हटले आणि मोकळे झालो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठी ओलांडलेल्या भारतीयांत शंभरांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसे. त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. आणि त्यांना सांभाळणाऱ्यांत कुणाचे प्रमाण जास्त, ते मोजायला अभ्यास कशाला हवा? कुठल्याही घराच्या स्वयंपाकघरात डोकावावे.

माझ्या सासूबाई पाच वर्षे या वाटेवर आहेत. मारुतिस्तोत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत म्हणतात, एक काना चुकत नाही. ते संपले की विचारतात, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" बावीस वर्षे मी त्यांच्या घरात आहे. रात्री दोन वाजता पिशवी घेऊन भाजी आणायला निघतात, म्हणून दाराला वरची कडी बसवली. आता कडीकडे पाहून रडतात की मला कोंडले. डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूची फिल्म उजेडात धरून मला दाखवली. कानशिलाच्या आतल्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, हा भाग आक्रसलेला आहे. त्या बोटाखालच्या काळ्या पोकळीला स्मृतीशी जोडणारे ज्ञान कुठून आले? माणसांच्या मेंदूंवरून आले, आणि माकडांच्याही. आक्रसण्याची सुरुवात कुठून होते, विसरणे आधी की आक्रसणे आधी, कोण सुटतो आणि का सुटतो, हे अजून पुरते उमगलेले नाही. ते उमगावे म्हणून कुणी एक लेमूर वर्षातून एकदा चुंबकात ठेवत असेल, तर ते बंद करा असे मला माझ्या हाताने लिहून द्यायचे नाही.

औषध सापडले आहे, असे मात्र कुणी समजू नये. ती चिकट प्रथिने धुऊन काढणारी एक-दोन औषधे निघाली आहेत. त्यांतल्या लेकानेमॅबला अमेरिकेने २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. त्याने झीज थांबत नाही, थोडी मंदावते. गेलेले परत येत नाही.

मुळात या चित्रांची मला जी किंमत वाटते ती औषधापेक्षा वेगळ्याच कारणासाठी. ती खोटे बोलणाऱ्यांचे तोंड बंद करतात. सध्या लंघनाचा मोठा धंदा चालला आहे. अमुक तास उपाशी राहा, तमुक चूर्ण घ्या, शंभर वर्षे जगा! आपल्याकडे एकादशी दुप्पट खाऊन साजरी होते ती गोष्ट सोडा. ब्रुनॉयच्या लेमुरांवर याचा नीट प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चौतीस लेमूर घेतले. पंधरांना पोटभर, एकोणिसांना तीस टक्के कमी खायला दिले, तेही प्रौढ वयापासून पुढे कायम. भरपेट गटातले निम्मे साडेसहा वर्षांच्या आत गेले. अर्धपोटी गटातले निम्मे साडेनऊच्या पुढे जगले. त्यांच्यात कर्करोग कमी, मधुमेह कमी. भरपेट गटातला शेवटचा लेमूर गेला तेव्हा अर्धपोटी गटातले एक तृतीयांशाहून अधिक जिवंत होते. इथवरची बातमी चूर्ण विकणाऱ्यांनी उचलली असती तर नवल नव्हते.

पण चुंबकाने पुढचे पान उघडले. जे जास्त जगले, त्यांच्या मेंदूतला करडा भाग, म्हणजे ज्यात विचार करणाऱ्या पेशींची वस्ती असते तो, भरपेट गटापेक्षा लवकर झिजत होता. पांढऱ्या भागाची, म्हणजे जोडणाऱ्या तारांची, झीज मात्र उलट कमी. आणि गंमत अशी की स्मृतीच्या परीक्षांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मेंदू झिजला तरी बुद्धी टिकली कशी? आयुष्य वाढले ते मेंदूच्या पोटाला चिमटा काढून वाढले काय? आमच्याच लाल तोंडाच्या माकडांवर अमेरिकेत दोन ठिकाणी असेच प्रयोग झाले. एका ठिकाणी २००९ मध्ये सांगितले की कमी खाणारे जास्त जगतात, दुसऱ्याने २०१२ मध्ये सांगितले की तसे काही दिसत नाही. आहार कसा होता, कोणत्या वयात सुरू केला, यांवर पुढे बरेच खल झाले. पिंजऱ्यातल्या प्राण्याने खरे उत्तर दिले तर ते असे अर्धेमुर्धे, अडचणीचे असते. जाहिरातीत उत्तर पूर्ण असते, म्हणूनच ते संशयास्पद.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे सांगणे असे, की बंदीचे निवेदन फाडा आणि हिशेबाचे लिहा. आपल्या देशात १९६० चा कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. त्या इंग्रजांच्या तीन तत्त्वांना आपल्या समितीने चौथे जोडले आहे, पुनर्वसनाचे. प्रयोग संपल्यावर त्या प्राण्याची पुढची सोय पाहण्याचे. ही भर फार चांगली आहे, आपल्या मातीतली आहे. पण ती पाळली जाते का, हे तुम्हा-आम्हाला कळते का? हरियाणात मानेसरला आपले राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, पुण्यात विषाणू संस्था आहे, आणि इथे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या उंबऱ्यावर आहे. अशा प्रत्येक ठिकाणाहून वर्षाला एक कागद निघावा, साध्या मराठीत, चौथीतल्या मुलाला वाचता येईल असा. किती प्राणी घेतले, कुठून आणले, कशासाठी, किती मेले, काय कळले. आणि काहीच कळले नसेल तर तेही, कारण फसलेला प्रयोग लपवला की दुसऱ्या गावचा संशोधक तोच पुन्हा करतो आणि पुन्हा तेवढेच प्राणी जातात. जिथे चित्र काढून भागते तिथे सुरी चालवायला परवानगी मिळू नये. जिथे माणसाचीच चित्रे पुरतात तिथे लेमूरही नको. त्यासाठी माणसांनीही पुढे यावे. सासूबाईंची चित्रे कुणाला अभ्यासाला हवी असतील तर त्यांच्या मुलाची आणि माझी ना नाही.

आणि जी माकडे यातून जिवंत सुटतात त्यांच्यासाठी उपळ्यासारखी बत्तीस एकर कुठे निघाली, तर तिथे झाडे लावायला मी मुलांना घेऊन येईन. बिनपगारी नोकरी केली त्यांनी. निवृत्तिवेतन तरी मिळू दे. खाजगी शाळेतल्या बाईला ते नसते, म्हणून काय झाले?